फळ नसतानाचं करवंद

वैशाखात बेळगावच्या गणपत गल्लीतून जाताना करवंद ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही. पाटीत पळसाच्या पानांवर ओतलेली काळीभोर, टपोरी फळं, देठापाशी सुकलेला पांढरा चीक, आणि पाटीमागे चंदगडकडच्या किंवा खानापूरकडच्या वाडीतून पहाटेच्या गाडीनं आलेली बाई. मराठी गिऱ्हाईक करवंद म्हणतं, कन्नड गिऱ्हाईक कवळी हण्णु म्हणतं, माप दोघांना एकच पडतं. निपाणीच्या बाजारातही तेच. डोंगरची काळी मैना या नावानं आरोळी द्यायची रीत आता कमी झाली, पण पाटी दिसली की पावलं थांबतात.

ही ओळख फळाची झाली. झुडपाची ओळख वेगळी, आणि ती आपल्यात झपाट्यानं कमी होत चालली आहे. खाण्याजोगं फळ झाडावर फार तर दोन महिने असतं. उरलेले दहा महिने तेच झुडूप त्याच डोंगरउतारावर उभं असतं आणि त्याला कुणी करवंद म्हणत नाही. तेव्हा ते नुसतं काट्याचं झुडूप होतं. शेताच्या उताऱ्यावर तो तुकडा 'खराब' म्हणून लिहिला जातो, जेसीबीवाल्याला तो साफ करायचा भाग वाटतो, आणि काजूची रोपं लावायला निघालेल्या माणसाला अडचण. मे महिन्यात चवीनं खाल्लेलं करवंद डिसेंबरात ज्याला ओळखता येत नाही, त्याच्या हातून ती जाळी सहज तोडली जाते. मला या लेखात म्हणायचं आहे ते एवढंच, की करवंद ओळखायचं असेल तर ते फळ नसताना ओळखायला हवं.

पौष-माघात स्तवनिधीच्या बाजूनं तवंदी घाटाच्या उतारावर पाहिलं तर गवत वाळून पिवळं पडलेलं असतं आणि त्यात गडद हिरव्या, गोलसर, जमिनीला टेकलेल्या जाळ्या उठून दिसतात. बाकी बरीच झुडपं पानं टाकतात, करवंद टाकत नाही. पहिली खूण हीच: ऐन कोरड्यात चकचकीत हिरवं राहिलेलं काटेरी झुडूप. जवळ जाऊन पान हातात घ्यावं. ते जाड, चामड्यासारखं, वरून तकतकीत असतं. टोक बहुधा बोथट, लांबी तीन ते सात सेंटीमीटर, कडा अखंड, दाते नाहीत. पानं फांदीवर समोरासमोर, जोडीनं येतात. ही जोडी बघायची सवय लावून घेतली तर रानातल्या निम्म्या काटेरी झुडपांशी होणारा गोंधळ जागीच मिटतो.

दुसरी खूण चीक. पान देठापाशी मोडलं की पांढरा दुधी थेंब येतो. कडक उन्हाळ्यात तो कमी येतो, पावसाळ्यात भरपूर. करवंद कण्हेरीच्या कुळातलं आहे. सदाफुली, तगर, सातवीण ही सगळी त्याची भावकी. या कुळातली बहुतेक झाडं चीक वागवतात आणि त्यांतली बरीच विषारी आहेत. म्हणून नुसत्या चिकावर विसंबून एखादं फळ तोंडात टाकायचं नाही. रुईला चीक असतो, शेराला असतो, कण्हेरीलाही असतो. चीक, समोरासमोरची जाड पानं आणि विशिष्ट घडणीचा काटा ही तिन्ही एकत्र दिसली तरच ते करवंद.

या काट्यापाशी जरा थांबायला हवं, कारण करवंदाचा सगळा स्वभाव त्यात आहे. गुलाबाचा काटा सालीवरचा असतो, बोटानं बाजूला रेटला की सुटून येतो. बोरीचा काटा पानाच्या बुडाशी असणाऱ्या उपपर्णांपासून झालेला. करवंदाचा काटा मात्र आतून लाकूड आहे, तो म्हणजे वाढ थांबलेली फांदी. फांदीच्या शेंड्याचा कोंबच काट्यात बदलतो. शेंडा असा संपला की झुडपाला पुढं वाढायला दोन्ही बाजूंच्या पानांच्या बगलांतून नवे कोंब काढावे लागतात. त्यांचे शेंडेही काही काळानं काटे होतात, आणि पुन्हा बाजूनं दोन फांद्या. प्रत्येक टप्प्याला दुभागणारी ही वाढ वर जात नाही, आजूबाजूला पसरते आणि स्वतःतच गुंतत जाते. आपण जिला 'जाळी' म्हणतो ती अशी तयार होते. काटाही अनेकदा टोकाला दुभागलेला असतो आणि चांगला चार-पाच सेंटीमीटर लांब भरतो. वहाणेच्या तळातून आरपार जातो, हे गुराख्यांच्या पोरांना विचारायला नको.

आता ज्यांच्याशी गल्लत होते ती झुडपं. याच उतारांवर अळू असतं. पाटीत मिळणारं, भोपळी रंगाचं, पिकल्यावर मऊ होणारं फळ. त्याचे काटे सरळ आणि दणकट, पानं समोरासमोर किंवा तिनाच्या घोसानं, पण मोडल्यावर चीक नाही. हेकळाला काटे आहेत, चीक नाही आणि पानं जोडीनं नसतात. खानापूर-चंदगडच्या ओल्या रानात अंजनी भेटते. पानं करवंदासारखी चकचकीत, समोरासमोर, फळ लहान, जांभळट काळं, पोरं आवडीनं खातात. तिला काटा नाही, चीक नाही, आणि फांद्यांना बिलगून येणारी निळी-जांभळी फुलं एकदा पाहिली की विसरत नाहीत. तोरणाचं फळ पांढरं, त्यामुळे फळाच्या दिवसांत प्रश्नच नाही. सगळ्यांत जास्त सावध राहायचं ते टणटणीपासून, म्हणजे घाणेरीपासून. मूळची अमेरिकेची ही वनस्पती इंग्रजांच्या काळात बागेसाठी आली आणि डोंगर व्यापून बसली. तिचेही पिकलेले मणी काळे असतात, पण ते बारीक, घोसानं लागलेले. पान खरखरीत, दातेरी, चुरडलं की उग्र वास. तिची कच्ची फळं विषारी आहेत. शहरातून आलेल्या मुलांना रानात नेताना आधी टणटणी दाखवावी, मग करवंद.

फूल आलं की शंकेला जागा उरत नाही. माघ-फाल्गुनात फांद्यांच्या टोकांना पांढऱ्या फुलांचे झुबके येतात. खाली बारीक लांब नळी, वर पाच पाकळ्या, कळीत एकमेकींवर पिळलेल्या. वास जाईच्या जवळचा. पांढरा रंग, लांब नळी आणि दिवस कलल्यावर चढणारा सुगंध ही रात्री उडणाऱ्या, लांब सोंडेच्या पतंगांसाठी असलेली घडण आहे. संध्याकाळी घाटावरून दुचाकीवर येणाऱ्या माणसाला मध्येच एखाद्या वळणावर हा वास येतो आणि लगेच मागे पडतो. ज्यांना तो वास कशाचा हे ठाऊक आहे, त्यांना मे महिन्यात कुठं जायचं ते फेब्रुवारीतच कळतं.

नेमका हाच काळ वणव्यांचा. वाळलेलं गवत पेटवलं की पुढच्या पावसात चारा चांगला फुटतो, अशी समजूत महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे. आग जाळीच्या मुळापर्यंत सहसा पोचत नाही. करवंद जळालं तरी बुडख्यातून पुन्हा फुटतं. म्हणून ते मरत नाही. पण फुलोरा जळाला की त्या सालचं फळ गेलं, आणि दरवर्षी आग लागत राहिली तर झुडूप वर्षानुवर्षं गुडघाभर उंचीचंच राहतं. डोंगरावर जाळ्या आहेत आणि करवंदं नाहीत, असं म्हातारी माणसं सांगतात त्यामागचं एक कारण हे.

इथवर मी 'करवंद' एकच असल्यासारखं लिहिलं. निपाणी ते कणकुंबी हा प्रदेश पाहिला तर ते एक नाही. पाऊस बघा. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला, जिथं मलप्रभा उगम पावते, वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून ५० किलोमीटरच्या आत असलेल्या बेळगाव शहरात तो बाराशे-तेराशेवर येतो. उत्तरेला संकेश्वर, निपाणीकडे तो आणखी उतरतो, आणि जिल्ह्याच्या पूर्वेला अथणीच्या बाजूला पाचशेच्या आसपास राहतो. एका जिल्ह्याच्या पोटात सदाहरित रान, जांभ्याचे सडे, गवताळ टेकड्या आणि काळ्या मातीचा कोरडा माळ हे सगळं आहे. झुडपांनी या उतरंडीत आपापल्या जागा धरल्या आहेत.

बाजारात येतं ते मोठ्या फळाचं करवंद, करिसा करंडस. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७६७ साली त्याला हे नाव दिलं. सह्याद्रीतल्या करवंदाला वेगळं मानून रॉबर्ट वाइटनं करिसा कंजेस्टा असं नाव दिलं, आणि महाराष्ट्रातली बरीच पुस्तकं अजून तेच वापरतात. आजचे अनेक अभ्यासक दोन्ही एकच समजतात. विद्यार्थ्यांनी दोन पुस्तकांत दोन नावं पाहून घाबरून जाऊ नये. दुसरं करवंद म्हणजे करिसा स्पायनॅरम, लिनियसनंच १७७१ मध्ये नोंदवलेलं. ते कोरड्या, खडकाळ टेकड्यांचं. पान लहान आणि टोकाला अणकुचीदार, फळ वाटाण्याहून थोडं मोठं, आत बहुधा दोनच बिया. मोठ्या करवंदात बिया चार-पाच किंवा जास्त निघतात. हे लहान करवंद आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेलं आहे, म्हणजे निपाणीच्या टेकडीवरचं हे बुटकं झुडूप केनियातल्या माणसाच्याही ओळखीचं निघेल. तिसरं घाटमाथ्याच्या दाट रानात, झाडांच्या आधारानं वर चढणारं. पानं मोठी, टोकाकडे निमुळती. ते करिसा इनर्मिस. त्याच्याकडे रानात फिरणाऱ्यांचंही फारसं लक्ष जात नाही, कारण करवंद म्हणजे उन्हातली जाळी हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

फळ हातात असेल तर बिया मोजाव्यात, नसेल तर पानाचं टोक पाहावं. एवढ्यावर बहुतेक वेळा निभावतं. मधली, धड इकडची ना तिकडची वाटणारी झुडपंही भेटतात. तिथं फांदी दाबून-सुकवून जाणकाराकडे न्यावी. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आणि बेळगावातली राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था ही दोन्ही ठिकाणं या पट्ट्यातल्या माणसाला जवळची आहेत.

नोंदींची गोष्ट निघाली आहे तर एक सांगायला हवं. हा मुलूख वनस्पतींच्या अभ्यासात फार जुना आहे. डॅल्झेल आणि गिब्सन यांचा 'बॉम्बे फ्लोरा' १८६१ चा. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला, आणि त्यात रिची नावाच्या डॉक्टरनं बेळगाव परिसरात गोळा केलेल्या वनस्पतींचे दाखले पानोपानी येतात. कुकच्या पुस्तकात बेळगाव, कोल्हापूर, कोकण, कारवार ही नावं एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी येतात, कारण तेव्हा तो एकच इलाखा होता. १९५६ नंतर राज्यं वेगळी झाली आणि वनस्पतींची पुस्तकंही वेगळी झाली. एकीकडे साल्डाना यांचा कर्नाटकाचा ग्रंथ, दुसरीकडे महाराष्ट्राच्या वनस्पतींचे खंड, आणि २००२ मध्ये यादव-सरदेसाई यांचा कोल्हापूर जिल्ह्याचा मोठा, मोलाचा ग्रंथ. प्रत्येक पुस्तक आपापल्या हद्दीला येऊन थांबतं. चंदगडचा डोंगर आणि त्याला लागून असलेला बेळगावचा डोंगर आज दोन पुस्तकांत वाचावा लागतो. या सीमेबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं, भांडणं झाली, माणसांनी सोसलं. तिनं आपल्या डोंगरांचा अभ्यासही मधोमध चिरला, हे फारसं कुणी बोललेलं नाही. निपाणी, कागल, गडहिंग्लज, हुक्केरी, चंदगड, बेळगाव, खानापूर या तालुक्यांच्या झाडाझुडपांचं एकत्र पुस्तक व्हायला हवं. दोन्ही बाजूंची महाविद्यालयं मिळून ते करू शकतात.

पुन्हा फळाकडे. चैत्रात हिरवी करवंदं धरतात. ती कडक, कमालीची आंबट आणि चिकाळ. लोणचं, चटणी, ठेचा यासाठी हीच घ्यायची. चिरण्याआधी देठ काढून मिठाच्या पाण्यात टाकली की चीक बराचसा निघतो. नाहीतर सुरी, बोटं आणि ओठ सगळं चिकटतं. चैत्र संपता संपता बेळगाव भागात वळीव येतो, गडगडाट करत, कधी गारांसह. एक-दोन वळीव झाले की फळ फुगतं, लाल होतं, मग काळं. मृग लागला की ते पाणचट होतं, त्यात अळ्या पडतात आणि मोसम संपतो. म्हणजे चांगली करवंदं मिळण्याचा काळ वळीव ते मृग एवढाच, आणि वळीव लांबला तर त्यातलेही दिवस कमी होतात.

पोरांचा 'कोंबडा की कोंबडी' हा खेळ या दिवसांतला. फळ तोडण्याआधी सांगायचं, मग दातांनी अर्धं करून दाखवायचं: आतला गर लाल निघाला तर कोंबडा, पांढरट निघाला तर कोंबडी. हा खेळ खेळणारी मुलं नकळत एक महत्त्वाची गोष्ट शिकत असतात. गराचा रंग, फळाचा आकार, गोडी ही बऱ्याच अंशी त्या त्या झुडपाची असते. करवंद बियांपासून उगवतं, म्हणून प्रत्येक जाळीचं वाण निराळं. करवंदं वेचणाऱ्या बायकांना कुठली जाळी साखरेसारखी आणि कुठली फक्त लोणच्याची, हे पाठ असतं. शेतीशास्त्रानं याच फरकातून निवड करत वाणं काढली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं मोठ्या फळाचं 'कोकण बोल्ड' हे त्यांतलं आपल्याला जवळचं. पण सीमाभागातल्या डोंगरांवरच्या जाळ्यांतून अशी निवड करायचं काम बाकी आहे, आणि ते वेचणाऱ्या बायकांना सोबत घेतल्याशिवाय होणार नाही. त्यांच्याजवळ असलेली जाळ्यांची यादी कुठल्याच कागदावर नाही.

हे काम सोपं नाही. उजाडायच्या आधी निघायचं, कारण ऊन चढल्यावर फळ मऊ पडतं आणि बाजाराची गाडी चुकते. हातावर ओरखडे, लुगड्यावर डाग, जाळीच्या बुडाशी साप असण्याची धास्ती. खानापूरच्या जांबोटी-भीमगडच्या बाजूला अस्वलाची भीती खरी असते. अस्वलाला करवंद, जांभूळ, बहाव्याच्या शेंगा फार आवडतात आणि ते जाळीत डोकं खुपसून खात असलं की माणसाची चाहूल त्याला उशिरा लागते. म्हणून बायका एकट्या जात नाहीत, मोठ्यानं बोलत जातात. शहरात आपण भाव करतो तेव्हा पाटीमागचा हा भाग ध्यानात असू द्यावा. मला तर करवंदाच्या पाटीशी घासाघीस करणं पटतच नाही.

गौण वनउपजावर रानात राहणाऱ्यांचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्यानं मान्य केला आहे, आणि करवंद त्यातच मोडतं. तरी प्रत्यक्षात हा हक्क गावानं मागितला, ग्रामसभेनं ठराव केला, दावा मंजूर झाला, तरच हाती येतो. भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झालं, तेव्हापासून त्याच्या पोटातल्या वाड्यांचं रानात जाणं-येणं नाजूक विषय झालं आहे. रान वाचलं पाहिजे, आणि पिढ्यान्‌पिढ्या ते ओळखणारी माणसंही तिथं राहिली पाहिजेत. करवंद वेचल्यानं जाळी मरत नाही.

खाण्याबद्दल दोन गोष्टी, कारण दोन्हींबाबत गैरसमज आहेत. केकवर, आइस्क्रीमवर लावलेली लालचुटूक चेरी पुष्कळदा चेरी नसतेच, ते करवंद असतं. कच्ची फळं खारवून, बिया काढून, रंग उडवून, मग लाल रंगाच्या साखरेच्या पाकात मुरवली की तयार. फळ घट्ट आणि पेक्टिननं भरलेलं असल्यामुळे पाकात विरघळत नाही, आकार धरून राहतं. याच पेक्टिनमुळे करवंदाचा मुरंबा आणि जेली चटकन धरते. म्हणजे करवंद कधी खाल्लं नाही असं सांगणाऱ्या शहरी मुलानंही ते वाढदिवसाला खाल्लेलं असतं. दुसरी गोष्ट लोहाची. करवंदात लोह भरपूर म्हणून ३९ मिलिग्रॅमचा आकडा सगळीकडे फिरतो. तो सुकवलेल्या फळाचा, १०० ग्रॅममागे आहे. ताज्या करवंदात ९१ टक्के पाणीच असतं. ओंजळभर ताजी फळं खाऊन रक्त वाढेल अशी आशा गरोदर बाईला दाखवणं बरं नव्हे. करवंद खावं ते चवीसाठी, मोसमासाठी, आणि त्यातून मिळेल तेवढ्या जीवनसत्त्वासाठी.

औषधाचा विचार तर आणखी जपून करावा. संस्कृतात हे करमर्द. चरकानं हृदयाला हितकारक अशा दहा द्रव्यांच्या गटात आंबा, डाळिंब, बोर, महाळुंग यांच्याबरोबर करमर्द घातलं आहे. तिथं बोलणं फळाचं आहे. मुळाची गोष्ट वेगळी: त्यात हृदयाच्या ठोक्यांवर थेट परिणाम करणारी द्रव्यं सापडली आहेत. पूर्व आफ्रिकेत याच कुळातली, करवंदाची अगदी जवळची नातेवाईक असलेली अ‍ॅकोकँथेरा नावाची झुडपं आहेत. त्यांच्या लाकडाचा काढा आटवून शिकारी बाणांना लावत आले. त्यांचंही पिकलेलं फळ काळं-जांभळं, आणि दिसायला करवंदाच्या जवळचं. पलीकडे दक्षिण आफ्रिकेत दुसरा नातेवाईक, करिसा मॅक्रोकार्पा, बंगल्यांच्या कुंपणाला लावतात आणि त्याची मोठी लाल फळं आवडीनं खातात. आपल्याकडच्या रोपवाटिकांतही ते शोभेसाठी मिळतं. एकाच भावकीत एक जेवणाच्या ताटातलं, दुसरं बाणाच्या टोकावरचं. मुळं उकळून काढा घेण्याचे सल्ले मोबाइलवर फिरतात, ते ऐकू नयेत.

आणि आता जाळीकडे, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. उघड्या डोंगरावर गुरं-शेळ्या चरत असतात तिथं कुठल्याही झाडाचं रोप वर यायला वाव नसतो. दोन पानं फुटली की ती गेली. करवंदाच्या जाळीत मात्र गुराचं तोंड शिरत नाही. बुलबुल फळं खायला येतात, उदमांजर रात्री येतं, त्यांच्या विष्ठेतून दुसऱ्या झाडांच्या बिया जाळीच्या बुडाशी पडतात. तिथं सावली आहे, कुजलेल्या पानांची ओल आहे, वरून काट्यांचं कवच आहे. जुन्या जाळीत वाकून पाहिलं तर जांभळाचं, आपट्याचं, पळसाचं रोप आतून वर येताना दिसतं. कोरड्या बाजूला, निपाणी-हुक्केरीच्या टेकड्यांवर, चंदनही असंच वाढतं. चंदन दुसऱ्या झाडांच्या मुळांतून पाणी आणि क्षार घेणारं झाड. लहानपणी त्याला शेजारीही लागतो आणि आडोसाही, आणि काटेरी झुडूप दोन्ही देतं. काही वर्षांनी झाड जाळीच्या वर डोकं काढतं, पसरतं, आणि त्याच्या गर्द सावलीत करवंद हळूहळू विरळ होत जातं. उजाड डोंगरावर पुन्हा रान उभं राहण्याची सुरुवात अशी होते, कुणी खड्डे न खणता.

म्हणून वनीकरणाच्या नावाखाली जेव्हा आधी 'झुडपं साफ' केली जातात आणि मग रांगेनं ऑस्ट्रेलियन बाभळी किंवा निलगिरी लावली जाते, तेव्हा जीव तुटतो. जे रान आपल्या पायांनी यायला निघालं होतं त्यालाच उपटून टाकलं, असा त्याचा अर्थ आहे. चंदगड आणि खानापूरच्या बाजूला काजूची लागवड वाढली आहे. शेतकऱ्याला नगदी पीक हवं हे खरं आणि त्याला दोष देण्यात काही मतलब नाही. पण काजूच्या बागेच्या कडेनं जाळ्यांची एक रांग ठेवली तर कुंपणाचा खर्च वाचतो, मातीची धूप थांबते आणि मे महिन्यात घरच्या बाईच्या हातात चार पैसे येतात. पुणे-बंगळूर महामार्ग रुंद होत गेला तशी त्याच्या कडेच्या टेकड्यांची पायथ्याची पट्टी गेली. तिथं उताराची माती धरून ठेवायला काय लावायचं हा प्रश्न पडत असेल, तर जे तिथं आधी होतं तेच लावावं.

लावणं अवघड नाही, वेळ मात्र साधायला हवी. करवंदाचं बी साठवून टिकत नाही, वाळलं की त्याची उगवण झपाट्यानं उतरते. पाकीट आणून पुढच्या वर्षी पेरू म्हटलं तर हाती काही लागत नाही. म्हणून मोसमाच्या शेवटी, मृगाच्या तोंडावर, पाटीतली दबलेली, कुणी न घेतलेली पिकली फळं मागून आणावीत. हातानं चुरून गर धुवून टाकावा, चिकट राहिलं तर राखेत घोळावं, आणि त्याच दोन-चार दिवसांत बांधावर किंवा पिशवीत बोटाच्या पेराएवढ्या खोलीवर बी टाकावं. पहिल्या वर्षी रोप अगदी सावकाश वाढतं आणि तणात हरवतं, तेवढं सांभाळावं लागतं. काटे एकदा टणक झाले की शेळीही वाट बदलते. फळ तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून. बिया दहा वेगवेगळ्या जाळ्यांच्या घ्याव्यात, म्हणजे कुंपणात कोंबडा आणि कोंबडी दोन्ही निघतील. आणि पेरण्याआधी त्या पाटीवालीला विचारून ठेवावं, यातली गोड जाळी कुठल्या डोंगरावरची.